वाखाच्या टोकाचं कुंकू

भिलाई, पावर हाउस
२० ऑक्टोबर

चि. सौ. कमलिनी हिला तुळसाबाईचा आशीर्वाद, आणि तो घ्यायचा नसेल तर निदान कागद तरी पुरता वाचून मग फाड.

'सौ.' लिहायचं की नाही यावर चहा निवेपर्यंत हुज्जत झाली. रत्नमाला म्हणते, "पहिल्या घरच्या सासूनं सौ. कसं लिहावं?" मी म्हटलं, "हिचं दुसरं लगन म्याच लावून देलं वं. आपल्या हातानं सौ. केली, तं लिहायले कावून लाजू?" तेव्हा लिहिलं. रत्नमाला म्हणजे आपल्या शेजारची, शाळेतून रिटायर झालेली बाई. अख्ख्या गल्लीत धड मराठी लिहिणारी तीच एक उरली आहे. बाकी सगळे मराठीत भांडतात आणि हिंदीत लिहितात. अक्षर तिचं, तोंड माझं. ती माझं बोलणं धुऊन, इस्त्री करून कागदावर ठेवते. मधेच एखादी चुरगळ दिसली तर ती मी आहे असं समज.

फोन का नाही केला, असं मनात येईल तुझ्या. माझ्या फोनमधे नंबर तुझ्या प्राचीनं भरून दिले आहेत. दूधवाल्याचा आहे, गॅसवाल्याचा आहे, तुझा नाही. शिवाय फोनवर तू रडशील, मग मी रडेन, आणि मुद्दा राहून जाईल. कागद मधात बोलत नाही.

मुद्दा असा की मला अंबाडीचा वाख पाहिजे.

हसू नकोस. दोर वळायला नको आहे. तुझी पोरगी इथल्याच कॉलेजात पीएचडी करून राहिली, आणि तिला वाख जाळायचा आहे. आपण जन्मभर वाख सोलला, झोडला, वळला. ही शिकलेली, म्हणून जाळणार.

तिनं मला समजावलं तसं सांगते, चुकलं तर तिचं चुकलं. तुझ्या मामंजींनी बस्तरच्या बाजारातून आणलेला तो पितळेचा बैल आठवतो? तो करताना आधी मेणाच्या सुतानं बैल गुंडाळतात, वरून माती लिंपतात. भट्टीत मेण वितळून जातं, त्या जागी पितळ येतं. मेण गेलं तरी सुताच्या रेघा बैलाच्या अंगावर राहतात. प्राची तेच वाखाचं करते. वाख सोड्यात उकळून त्याचा चीक काढायचा, कसल्याशा क्षाराच्या पाण्यात मुरवायचा, वाळवायचा, परत मुरवायचा, आणि मग भट्टीत हळूहळू तापवायचा. घाई केली की सगळं भुसभुशीत होतं. नीट जमलं तर वाख जळून जातो आणि त्याच्या जागी पांढऱ्या नळ्या राहतात, केसापेक्षा बारीक, आतून पोकळ. वाखाची प्रत्येक रेघ, प्रत्येक भोक त्या नळीवर जसंच्या तसं. आपल्या डोळ्यांना दिसत नाही, मोठ्या मशिनीला दिसतं. ते पांढरं रंगाच्या घाण पाण्यात टाकून उन्हात ठेवलं की पाणी नितळ होतं. मी म्हटलं, "मंग तुरटी काय वाईट आहे?" तर संध्याकाळभर माझ्याशी बोलली नाही.

भिलाईत एवढ्या मोठ्या भट्ट्या असताना ही बिस्किटाच्या डब्याएवढ्या भट्टीपुढं बसून असते. आणि तेही जमून नाही राहिलं. पावर हाउसच्या बाजारातून सुतळी आणली, तिला गिरणीत तेल लावलेलं असतं. कितीही धुतली तरी क्षाराचं पाणी आत शिरत नाही. भट्टीतून खडूचा चुरा निघतो. तिला पाहिजे हातानं सोललेला, चांगल्या पाण्यात सडवलेला, तेलाचा थेंब न लागलेला लांब वाख. तिच्या मॅडमनी फेब्रुवारीपर्यंत सवड दिली आहे. तोवर नळ्या झाल्या नाहीत तर विषय सोडून दे म्हणाल्या. एवढ्या वर्षांची मेहनत जाईल. पोरगी वाळून चालली आहे, कमल.

"आजी, असा वाख कुठं भेटन?" तिनं मला विचारलं. "मले काय माहीत," मी म्हटलं. मला माहीत आहे. आमगावला तुझ्या शेताच्या धुऱ्यावर अंबाडी उभी आहे आणि शेजारीच वाख सडवायला पाण्याची बोडी आहे, हे मला प्रवीणनं सांगितलं. आपल्या जुन्या रेल्वे क्वार्टरमधल्या श्यामरावांचा मुलगा तो. सुटीवर तिकडं त्याच्या सासरी येत असतो. त्याच्याजवळ दे.

तुझं नाव मी प्राचीला सांगणार नाही. सांगितलं तर ती हात लावणार नाही, हे तुलाही कळतं.

खाली अंगठा माझाच आहे. बँकेतल्या बाईला पटतो, तुलाही पटावा.

तुळसाबाई


भिलाई
२ डिसेंबर

चि. सौ. कमलिनी,

पेंढ्या पोचल्या. चिठ्ठी नाही, निरोप नाही, नुसता वाख. प्रवीणला विचारलं, "काही बोलली का वं थे?" म्हणाला, "काकू बोलल्या, सांभाळून न्या, वाकवू नका." बस. अगदी तू. लग्न होऊन आलीस तेव्हाही आठवडाभर एवढंच बोलली होतीस.

पण वाख काय आहे. मी गोणपाट सोडलं आणि हात फिरवत बसले. इतका लांब, इतका मऊ, एक गाठ नाही. बोडीच्या पाण्याचा वासही अजून गेला नव्हता. थंडीत त्या पाण्यात उभी राहिली असशील, मांड्यांपर्यंत. माझी पोरगी म्हणून मागितलं आणि तू तुझी पोरगी म्हणून दिलंस. हे तुझे उपकार आहेत. रत्नमाला म्हणते सुनेला उपकार लिहू नये, परकं वाटतं. मी म्हटलं, लिही.

प्रत्येक पेंढीच्या टोकाला हळदकुंकू लावलेलं होतं. रत्नमालानं पाहिलं आणि म्हणाली, "पुसून टाका, पोरीच्या ध्यानात येईल." मी नाही पुसलं. लेकीच्या घरी कोरी वस्तू पाठवत नाहीत, हे तुला मीच शिकवलं. आता मीच कसं पुसू? आणि म्हटलं, सगळं भट्टीतच तर जाणार आहे. आगीपुढं हळदीचं काय उरतं.

प्राचीला सांगितलं, रत्नमालाच्या भाच्याच्या गावचा आहे. रत्नमालाला भाचा नाही. हे वाक्य लिहिताना तिनं पेन खाली ठेवला होता, कसाबसा उचलायला लावला. प्राचीनं पेंढी छातीशी धरली आणि मला म्हणाली, "आजी, ये तो सोना है." स्कूटीवर पुढं ठेवून घेऊन गेली. दारात उभी राहून पाहत होते. लहान पोर पुढं बसवावं तशी नेली.

आता एक गोष्ट लिहवून घेते. तुझ्यापुढं कधी बोलले नाही, समोर बोलायची सोय नव्हती.

माझा गौरव काविळीनं गेला तेव्हा तू तिशीचीही नव्हतीस, प्राची तिसरीत. तुझ्या मामंजींच्या मनात नसताना मी धनंजयरावांचं स्थळ आणलं. माणूस चांगला, शेती चांगली, बायको गेलेली. तू नाही म्हणत होतीस, मीच रेटलं. आणि निघायच्या दिवशी पोरगी खाटेच्या पायाला अशी चिकटली की दोघांच्यानं सुटेना. तू तिला ओढून नेऊ शकली असतीस. माय होतीस, हक्क होता. तू खाटेजवळ बसलीस, तिच्या केसांवरून हात फिरवलास आणि मला म्हणालीस, "राहू द्या आत्या. तुमचा गौरव गेला, घरात कोनीतरी पाहिजे."

लोकांना वाटतं पोरगी खाटेला चिकटली म्हणून राहिली. ती तू ठेवलीस म्हणून राहिली. गौरवनंतर मी जगले ती तिच्या डब्यापायी, तिच्या वेणीपायी, तिच्या भांडणापायी. पुढं तू भेटायला आलीस की ती गच्चीवर लपायची, तापानं फणफणायची. मामंजी म्हणाले, "थोडे दिवस येऊ नको." त्यांचे ते थोडे दिवस कोणी संपवलेच नाहीत. ते स्वतः संपले, दिवस चालूच आहेत.

तर इतकंच. तू मला पोरगी दिलीस. सोनं नाणं कोणीही देतं.

तुळसाबाई


भिलाई
११ जानेवारी

चि. सौ. कमलिनी,

आधी चांगलं सांगते.

नळ्या झाल्या. परवा प्राची घरी आली ती चप्पल न काढता सैपाकघरात. फोनवर फोटो दाखवला. मला करड्या रंगाचं बांबूचं बन दिसलं. म्हटलं, "जंगल आहे का हे?" म्हणाली, "आजी, हा तो वाख आहे. जळून गेला तरी पाहा, सीधा खडा आहे." एकेक नळी अखंड, अंगावर बारीक रेघा, रेघांत भोकं. मॅडमनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली म्हणे. काल सकाळी गल्लीत पोहा-जलेबी वाटली. रत्नमालानं भाच्याच्या नावानं दोन जलेब्या जास्त खाल्ल्या.

आता दुसरं.

काल ती लवकर घरी आली. हातपाय धुतले, माझ्यासमोर पाट घेऊन बसली. आवाज शांत होता, तेव्हाच मला कळलं.

"आजी, काही तुकड्यांत चुना निघून राहिला. ये चूना कहाँ से आया?"

"पानी खारं असन त्या गावचं."

"पाण्यातला असता तर सगळ्या वाखात राहिला असता. सिर्फ टोकाच्या तुकड्यांत आहे. मधात नाही."

मी तांदूळ निवडत राहिले.

"टोकं पिवळी-लाल होती. मी पाहिली होती, मला वाटलं डाग आहे. हळद होती ना? हळद तर भट्टीत जळते. मग चुना कशाचा?"

बघ कमल, आपण काय चुकलो ते. हळद जळाली, चुना राहिला. बाजारच्या कुंकवानं तुझ्या कपाळाला फोड यायचे, म्हणून मी घरी हळद, चुना आणि लिंबाच्या रसाचं कुंकू करायला लागले. तू गेलीस तेव्हा डबी भरून दिली, कृतीही दिली. तू ते अजून करतेस. तुझ्या पोरीची मशीन सांगते.

आणि पोरगी तुझीच, अर्ध्यावर थांबणारी नाही. सकाळी माझ्या देव्हाऱ्यातल्या डबीतून चिमूटभर कुंकू कागदाच्या पुडीत बांधून नेलं होतं. तेही जाळून मशिनीत घालून पाहिलं होतं. मग येऊन विचारत होती.

"हे आपल्या घरचं कुंकू आहे. तू लावलं?"

एवढंच म्हणायचं होतं मला, 'हाव, म्याच लावलं.' सगळं मिटलं असतं. तिचं काम चाललं असतं, तुझ्याकडून पेंढ्या येत राहिल्या असत्या, भाचा सुखात राहिला असता. रत्नमाला आता म्हणते की तसंच म्हणायला हवं होतं. पण पोरीनं एवढी मेहनत करून खरं शोधून काढलेलं, आणि मी त्यावर बोळा फिरवू? शिवाय ते कुंकू तू लावलेलं. तुझ्या हातचं मी माझ्या नावावर नाही घेऊ शकत.

"मी नाही," म्हटलं. "तुया मायनं."

ती उठली नाही, ओरडली नाही. विचारलं, "वाख तिचा?" मी मान हलवली. "कधीपासून चालू आहे हे?" मी ऑक्टोबरपासून सांगितलं. "उसको किसने बोला लगाने को?" मी म्हटलं, "कोनी सांगत नाही बाई, लेकीले पाठवनारी माय लावतेच."

मग बोलली ते जसंच्या तसं लिहवते, तुझ्यापासून लपवत नाही. "तू तिले पाठवलं, मले माहीत आहे. पन गेली तर तीच ना."

मी सांगितलं तिला, खाटेजवळचं सगळं, तू बोललीस ते वाक्यासकट. ऐकून घेतलं. नंतर जेवायला बसली आणि दोन पोळ्या रोजच्यापेक्षा जास्त खाल्ल्या. रागावली की माणसं ताट सरकवतात. तू आणि ही, दोघी जास्त खाता. कोणी शिकवलं नाही तिला, तू समोरही नव्हतीस. तुझी रेघ.

रत्नमाला म्हणते, हे वाक्य छान आलं. मी म्हटलं, छान असेल तर काढून टाक. तिनं काढलेलं दिसत नाही.

उरलेल्या पेंढ्या प्राचीनं कॉलेजातून परत आणून ओसरीवर ठेवल्या आहेत.

तुळसाबाई


भिलाई
२७ जानेवारी

कमलिनी,

थोडकंच लिहवते. रत्नमालाच्या डोळ्याला पाणी येतं, औषध चालू आहे.

पेंढ्या ओसरीवरच आहेत. प्राची येता-जाता त्यांना ओलांडते. मॅडम म्हणाल्या, एकदा जमलं ते नशीब असेल, परत दोनदा-तीनदा करून दाखव, तरच खरं. त्याला वाख पाहिजे. ती परत पावर हाउसची सुतळी उकळत बसली आहे. परत खडूचा चुरा. जामुलच्या एका दोरवाल्याकडेही जाऊन आली. त्याच्याकडं सगळा नायलॉन. पोळ्या खाऊन खाऊन जाड होईल, पण हट्ट सोडणार नाही. फेब्रुवारी तोंडावर आला.

मी तिला काही म्हणत नाही. एकदाच म्हटलं, "वाखानं तुयं काय केलं?" तर म्हणाली, "आजी, तू मधात बोलू नको." म्हणून मीही कागदासारखी गप्प आहे.

दव पडतं म्हणून मी पेंढ्यांवर माझं जुनं लुगडं टाकलं आहे.

तू मनाला लावून घेऊ नकोस. आणि वाईट वाटून अंबाडी मोडू नकोस. तुझ्या धुऱ्यावर ती असू दे.

तुळसाबाई


भिलाई
३० जानेवारी

कमल, मागचा कागद टपालात पडला आणि आज सकाळी हे. ओसरीवर लुगडं घडी करून ठेवलेलं, पेंढ्या नाहीत. म्हटलं, फेकल्या. काठी घेऊन कचऱ्याच्या गाडीमागं कोपऱ्यापर्यंत गेले, त्या माणसाला गाडी उघडून दाखव म्हटलं. तो त्याच्या छत्तीसगढीत म्हणाला, "दाई, सोना गिर गे का?" मी म्हटलं, त्याहून भारी.

गाडीत नव्हत्या. परत आले तर स्कूटी नव्हती, आणि दारापासून फाटकापर्यंत वाखाचे दोन-चार धागे सांडलेले.

ते मी उचलून कनवटीला खोचले आहेत. एवढंच कळवायचं होतं.

तुळसाबाई


भिलाई
२२ फेब्रुवारी

कमल,

अक्षर बदललं ते तुले दिसलंच असन. रत्नमालाच्या डोळ्याचं आपरेशन झालं, थे हिरवी पट्टी लावून बसली आहे आन् चहाले बरोबर येते. हे नवी लिहिनारी कोन, ते मी सांगत नाही. तू वळख. मराठी लिहाची सवय नाही तिले, दर वाक्याले इचारते, "आजी, ये कैसे लिखते?" मी म्हटलं, मले काय इचारतं, मले तं आपलं नावही लिहिता येत नाही. जसं ऐकू येते तसं लिही. इस्त्री नको करू.

तं ऐक. नळ्या परत झाल्या. मंग परत झाल्या. मॅडमनं कागदावर सही केली, इषय पक्का झाला, आता फक्त लिहाचं राह्यलं. तुया वाखानं झालं हे सारं, आन् हिच्या डोक्यानं. माया तं फक्त तोंडानं.

परवा हे पोट्टी एक काचेचं भांडं घेऊन आली. पानी असं निळं, जशी निळीची पुडी कालवली. त्याच्यात चिमूटभर पांढरं टाकलं आन् आंगनात उन्हात ठेवलं, तुळशीच्या मांगं. मी म्हटलं, "हे काय सांजेलोक होनार हाय?" आन् बसून राह्यली पाहत, कावून की मले दुसरं काय काम आहे. दुपार कलली तं भांड्यातून पल्याडची तुळस दिसाले लागली. पानं मोजून घ्या असं पानी. मी मानलं. तुरटीचं नाव पुन्यांदा काढनार नाही.

हे लिहिनारी मधात मधात थांबते. नाक पुसते. सर्दी झाली म्हनते. होऊ दे सर्दी.

मले एवढंच लिहाचं आहे तुले, की देवानं मले एक पोरगा देला आन् नेला, पन त्याच्या मांगं त्यानं आनलेली बाई अशी निंघाली. तू पोरगी देली. मंग मांगितला तं वाख देला, आन् इचारलं नाही कायले. आता मी मांगून काही घेनार नाही, पोट भरलं माह्यं. पन या पोरीचं काही मांगनं आहे असं दिसते, पेन सोडून नाही राह्यली. तिले जागा ठेवतो. अंगठा लावतो आन् हात धुवाले जातो. लवकर येनार नाही, शाई पक्की असते.

तुळसाबाई

———

आजी आत गेली आहे. हे माझं आहे.

वाख बहुत अच्छा होता. तुम्ही वाकवू नका सांगितलं होतं, म्हणून एक पण नळी तुटली नाही. मॅडमनी विचारलं कुठून आणला. मी सांगितलं, आईकडून.

मला अजून एक पेंढी लागेल. त्याला हळदकुंकू लावू नका. मशीनला कळते. आधीची पिवळी-लाल टोकं मी कापली, पण फेकली नाहीत, एका बाटलीत ठेवली आहेत, लॅबमध्ये माझ्या टेबलवर. सब पूछते हैं ये क्या है. मी सांगत नाही.

प्रवीण काकांजवळ नका देऊ. आमगावची पॅसेंजर पावर हाउसला थांबते. मी स्कूटी घेऊन स्टेशनच्या बाहेर उभी राहीन. वाख कोरा आणा. कुंकू वेगळं आणा, घरचं, आणि लावायचं असेल तर ये आणि मला लाव.

प्राची